ठरावात बांगड्या आल्या, एसटीचा थांबा राहिला

प्रति,
मा. सरपंच, उपसरपंच व सर्व सदस्य, ग्रामपंचायत,
तसेच गावातील सर्व महिला बचत गटांच्या अध्यक्षा व सचिव यांस,

विषय : संक्रांतीच्या हळदीकुंकवातील सत्कार नाकारण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात ग्रामपंचायतीचा शिपाई घरी पत्रिका देऊन गेला. संक्रांतीनंतर गावाचं हळदीकुंकू आहे, त्यात यंदा पती वारलेल्या भगिनींना व्यासपीठावर बसवून, कुंकू लावून, साडी देऊन त्यांचा सन्मान करायचा आहे, असं त्यात छापलंय. यादीत दुसरं नाव माझं आहे. मी येणार नाही. तोंडी कळवलं असतं तर संध्याकाळपर्यंत ‘बाई जुन्या वळणाच्या निघाल्या, कुंकवाला नाही म्हणाल्या’ असं गावभर झालं असतं. म्हणून लिहून देते. आणि उघड लिहिते, कारण ज्या गोष्टीबद्दल लिहायचंय ती चारचौघांतच, एसटीच्या थांब्यावर घडली.

आधी देणं लागते ते देते. आपल्या तालुक्यातल्या हेरवाडनं मे 2022 मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. पुढच्या काही दिवसांतच, 17 मे रोजी, सरकारनंही परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. आपल्या गावानंही ठराव केला, आणि तो नुसता कागदावर ठेवला नाही. हे गेले त्या दिवशी, आषाढातल्या भर पावसात, अंगणात तिरडी बांधून झाली होती. चुलतसासूबाई माझा हात धरून मला न्हाणीकडं न्यायला लागल्या, तेव्हा सरपंचबाई, तुम्ही स्वतः पुढं झालात. ‘मावशी, ते आता बंद झालंय गावात,’ एवढंच म्हणालात. आवाज चढवला नाहीत. माझ्या तिसरीच्या वर्गात तुम्ही पहिल्या बाकावर बसायचा आणि फळ्यासमोर उभं केलं की तुमच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. त्याच मुलीनं त्या दिवशी माझ्या हातातल्या बांगड्या हातातच ठेवल्या. हे मी विसरणार नाही. पुढचं सगळं वाचताना एवढं लक्षात असू द्या.

आता थांब्याचं.

दिवाळी झाली. घरात केली नव्हती, शेजारणींनी फराळाची ताटं आणून दिली तेवढीच. त्रिपुरारी पौर्णिमेची गर्दी ओसरल्यावर एका सकाळी माझ्या तीन मैत्रिणी दारात उभ्या. एक मिरजेची, एक जयसिंगपूरची, एक गडहिंग्लजची, पहाटेची गाडी धरून आलेली. कोल्हापूरला डी.एड. करताना आम्ही चौघी वसतिगृहाच्या एका खोलीत होतो. नंतर सगळ्याच जिल्हा परिषदेच्या शाळांवर गेलो, बदल्या झाल्या, लग्नं झाली, भेटी लग्नाकार्यात आणि प्रशिक्षणांत. मिरजेचीनं घरात येऊन पाणीसुद्धा घेतलं नाही. ‘साडी बदल, खिद्रापूरला जायचंय,’ म्हणाली. मी वर्षाच्या आत देवळात जायचं नसतं वगैरे म्हणाले. ‘देवळात नको जाऊ. देऊळ बघायला चल,’ म्हणाली.

गेलो. संध्याकाळी त्यांनी मला आपल्या थांब्यावर उतरवलं आणि उतरताना आम्ही चौघी हसत होतो. का हसत होतो ते पुढं सांगते. थांब्यावर नेहमीची मंडळी होती. त्यातल्या एकीनं, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, शेजारणीला विचारलं, ‘मालक जाऊन वरीस न्हाई झालं, आन् बाईंची सहल?’ दुसरी म्हणाली, ‘पेन्शन हाय की. आपल्यासारखं हाय व्हय?’ तिसऱ्या एका गृहस्थांनी काही न बोलता फक्त माझ्या साडीकडं पाहिलं. मोतिया रंगाची इरकल होती.

दुसऱ्या दिवशी ही बातमी दूध डेअरीवर होती, त्याच्या पुढच्या दिवशी भावकीत. माझ्या थोरल्या दिरांना कुणीतरी ‘जरा सांगा वहिनींना’ असं सुचवलं. दीर भले आहेत, त्यांनी मला काही सांगितलं नाही, पण चार दिवस घरी आलेही नाहीत. त्यानंतरच्या आठवड्यात बचत गटाच्या बैठकीत मी आत शिरले आणि बोलणं थांबलं. थांबवणाऱ्यांपैकी दोघी त्या ठरावाच्या सूचक आणि अनुमोदक आहेत. नावं मी लिहिणार नाही, इतिवृत्तात आहेत.

बाईनं घराबाहेर पडू नये असं या गावाचं म्हणणं आहे का, यावर मी बरेच दिवस विचार केला. तसं नाहीच आहे. तेरावा झाल्यावर लगेच मी वारस नोंदीसाठी तलाठी कार्यालयात गेले, दोनदा हेलपाटा पडला, कुणी काही बोललं नाही. बँकेत गेले, ह्यांच्या खात्यावरचं नाव बदलायला. रेशन कार्डावरचं नाव कमी करायला तहसीलला गेले. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती काढायला तर तुमच्याच कार्यालयात रांगेत उभी होते, तेव्हा तुमच्या क्लार्कनं मला बसायला खुर्चीही दिली. हे सगळं बाहेर पडणंच होतं. आणि मी निदान पेन्शनवाली. आपल्या गल्लीतल्या ज्या पोरीचा नवरा दोन वर्षांपूर्वी ट्रॅक्टरखाली गेला, ती दहावा झाल्यावर चौथ्या दिवशी भांगलायला गेली होती. तिला कुणी विचारलं नाही, वर्ष झालं का म्हणून. उलट ‘बिचारी कामाला लागली, बरं झालं’ असंच सगळे म्हणाले. उन्हात वाकून दिवसभर रोजगार केला तर सुतक आड येत नाही. आपल्या पैशानं अर्धं तिकीट काढून मैत्रिणींबरोबर एक दिवस गेली, तर आड येतं.

गडी माणसांचं तर विचारूच नका. आपल्याच गावातले एक सद्गृहस्थ, त्यांच्या मंडळी वारल्या त्याला महिना झाला असेल, मित्रांनी त्यांना गाडीत घालून कोकणात नेलं. गणपतीपुळे, मालवण, मासे, सगळं. परत आले तेव्हा पारावर सगळे म्हणाले, ‘बरं केलंत, मन रमवायला पायजे.’ मीही तेच म्हणाले होते आणि आजही म्हणते. त्यांचं बरंच झालं. चेहरा सुधारला त्यांचा. महिनाभरात त्यांना स्थळंही यायला लागली, तो भाग निराळा.

म्हणजे बंदी बाहेर पडण्यावर नाही, हसण्यावर आहे, आणि ती फक्त बायकांना आहे. ही प्रथा ठरावात नाही. बांगड्या दिसतात, मोजता येतात, म्हणून त्या ठरावात आल्या. हे दिसत नाही.

त्या दिवशी काय झालं ते आता सांगते. कारण ‘सहल’ म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढं काय येतं ते मला माहीत आहे.

कुरुंदवाड स्टँडवरून खिद्रापूरची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळं गडहिंग्लजचीनं चौघींचं काढलं आणि ‘दोघींच्या पैशात चौघी’ म्हणून कंडक्टरलाच ऐकवलं. दोन्ही बाजूंना ऊस. काही फडांत तोड सुरू झालेली, वाढ्यांचे भारे घेऊन बायका रस्त्यानं चाललेल्या. हे कारखान्यात वजनकाट्यावर होते, चौतीस गळीत हंगाम. मी आयुष्यभर हंगाम सुरू झाला की रात्रपाळीचे डबे केले. यंदाचा हंगाम सुरू झालेला मला बसच्या खिडकीतून कळला. जयसिंगपूरचीनं ते ओळखलं असावं, कारण तिनं माझ्याशी काही न बोलता खिडकीची काच वर ढकलली आणि मांडीवर भुईमुगाच्या शेंगांची पुडी ठेवली.

कोपेश्वराचं देऊळ तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय, शाळेच्या सहली मीच नेल्यात. शिलाहारांच्या काळातलं, पुढं यादवांच्या सिंघण राजाचा शिलालेखही आहे तिथं. स्वर्गमंडपात 48 खांब आणि वर छताला गोल मोकळी जागा, तिच्याखाली तेवढीच गोल शिळा. पोरांना मी तिथं रांगेत बसवून खांब मोजायला लावायची. कुणाचे सेहेचाळीस भरायचे, कुणाचे पन्नास. पण त्या देवाची गोष्ट मी पोरांना नेहमी घाईत सांगून टाकायची. त्या दिवशी गडहिंग्लजचीनं ती मला सावकाश सांगितली.

दक्षाच्या यज्ञात सतीनं देह टाकला आणि महादेव कोपला. कुणाचं ऐकेना. तेव्हा विष्णू त्याला समजावून इथं, कृष्णेच्या काठाला घेऊन आला, आणि नुसता आणून सोडून गेला नाही, त्याच्या शेजारी बसला. म्हणून या गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत, एक कोपेश्वर, दुसरा धोपेश्वर. आणि म्हणूनच महादेवाचं देऊळ असून इथं समोर नंदी नाही. नंदी सतीला घेऊन गेला होता, तो पलीकडं कर्नाटकात यडूरला आहे, असं सांगतात. ‘आता बघ,’ गडहिंग्लजची म्हणाली, ‘हा देव स्वतःच बायको गेलेला आहे. आणि त्याला घराबाहेर काढून इथवर घेऊन येणारा त्याचा दोस्त आहे. तुला वर्षाच्या आत कुठल्या देवळात जायचं नाही ते नको जाऊ. पण ह्याच्या दारात तुला कोण अडवणार?’

तिनं हे अगदी हिशेबी स्वरात सांगितलं, गणिताची शिक्षिका होती ती. मी आत जाऊन हात जोडले. वर्षाच्या आत देवळात गेल्याचा आरोप आहे ना माझ्यावर, तो मान्य आहे. त्याचं कारण हे असं आहे.

मग नदीच्या बाजूला सावलीत बसलो. भाकरी, खर्डा, दही, शेंगदाण्याची चटणी आणि जयसिंगपूरचीनं केलेली वांग्याची भाजी. आणि तिथं मिरजेचीनं ती गोष्ट काढली.

आमचं बघण्याचं ठरायच्या आधी हे एकदा वसतिगृहावर आले होते, मावशीचा काही निरोप आहे असं निमित्त करून. आम्ही चौघींनी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं, मेसमधून चहा आणला. ह्यांनी कपाला हात लावला नाही. दोन्ही हात मागं बांधून, ताठ बसून, निरोप सांगून निघून गेले. त्या संध्याकाळी खोलीत एकमतानं ठरलं की मुलगा शिष्ट आहे. मी तरी होकार दिला, पण तो ताठ मुलगा माझ्या मनात पुष्कळ दिवस राहिला, आणि लग्नानंतरही मी ह्यांना त्यावरून टोमणे मारायची. हे नुसते हसायचे. कधी खुलासा केला नाही.

खुलासा मिरजेचीकडं होता. फाटकाजवळ यायच्या आधी ह्यांच्या सायकलची चेन पडली होती. दोन्ही हात मनगटापर्यंत वंगणानं काळे. त्यांनी आधी नळावर हात घासले, मग मातीनं, मग तिथं कपडे वाळत घालणाऱ्या मिरजेचीला कपड्याचा साबण मागितला. तिनं अर्धी वडी दिली. नखांतलं वंगण निघेना. वेळ झाली. तेव्हा हात मागं बांधून ते तसेच बाकावर येऊन बसले, आणि जाताना मिरजेचीला म्हणाले, ‘तिला सांगू नका.’ आणि तिनं आजवर सांगितलं नाही. लग्नात नाही, बारशात नाही, कधीच नाही. भाकरीचा तुकडा खर्ड्याला लावता लावता म्हणाली, ‘आता सांगायला हरकत नाही. माझी अर्धी वडी मात्र राहिली.’

हसू आधी आलं का रडू, ते मला सांगता येणार नाही. दोन्ही झालं. मग परतीच्या वडापच्या गाडीत गडहिंग्लजचीनं ड्रायव्हरच्या वंगणाच्या हाताकडं बोट दाखवून ‘साबण हाय का कुणाकडं?’ विचारलं आणि आम्ही परत सुरू झालो. ते हसणं आपल्या थांब्यापर्यंत पुरलं. गावानं ऐकलं ते तेवढंच.

आता माझं म्हणणं नीट ऐका. हे गेल्यापासून माझ्या घरी पुष्कळ माणसं आली. रक्षाविसर्जनाला आली, उत्तरकार्याला आली, दुखवट्याची लुगडी घेऊन आली. पिठलं-भाकरी आली, भावांनी गोड घास भरवला. कुणाच्या माणुसकीत मी कमी काढणार नाही. पण आलेल्या प्रत्येकानं मला एकच विचारलं : कसं झालं? किती वाजता झालं? आधी छातीत दुखलं का? कुठल्या दवाखान्यात नेलं? नेताना बोलत होते का? मी प्रत्येकाला पहिल्यापासून सांगितलं. एक माणूस उठला की दुसरा बसायचा आणि मी परत त्या पहाटेपासून सुरू करायची. शेवटी शेवटी शब्दही ठरून गेले होते, पाढे म्हटल्यासारखे. ह्यांची अख्खी हयात त्या दोन तासांत जाऊन बसली. माझ्याही डोळ्यांसमोर दुसरं काही येईना. कोपऱ्यात बसलं की दवाखान्याचा जिना दिसायचा, बाकी नाही.

खिद्रापुरात पहिल्यांदा कुणीतरी मला हे कसे गेले असं विचारलं नाही. ते कसे होते ते सांगितलं. तेही मला ठाऊक नसलेलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर, ते गेल्यावर, मला त्यांची एक नवी गोष्ट मिळाली. ही गोष्ट भावकीकडं नव्हती, मुलांकडं नव्हती, ती फक्त तीन म्हाताऱ्या मास्तरणींकडं होती. आणि ती मिळायला मला त्यांच्याबरोबर एक दिवस बाहेर जावं लागलं. घरी आल्या असत्या तर त्याही चटईवर बसून ‘कसं झालं’च विचारत बसल्या असत्या. त्या घरात तेव्हा दुसरं काही बोलताच येत नव्हतं.

याला तुम्ही सहल म्हणा. माझ्या लेखी तो माझ्या दुखवट्याचाच दिवस होता.

हे काही मी नवं सांगत नाही. आपण शाहू महाराजांचं नाव प्रत्येक भाषणात घेतो. 1917 मध्ये त्यांनी संस्थानात पुनर्विवाहाचा कायदा केला, हे आपल्या पत्रिकेतही छापलंय. पुढच्याच वर्षी त्यांच्या घरात काय झालं ते कुणी छापत नाही. धाकटे राजकुमार शिवाजी शिकारीत अपघातानं गेले. मागं राहिल्या इंदुमतीदेवी, अजाण वयाची पोर. राजवाड्यातल्या रीतीनं तिला पडद्याआड एका दालनात बसवून आयुष्य काढायला लावता आलं असतं. महाराजांनी तिला तिथून काढलं, कोल्हापूरजवळच्या सोनतळीला नेलं, शिकवायची व्यवस्था केली, आणि तिच्या बरोबरीला तिच्या वयाच्या सोबतिणी दिल्या. पुस्तकं आणि मास्तर देऊन ते थांबले नाहीत. सोबत लागते हे त्या माणसाला कळलं होतं. शंभर वर्षांपूर्वी, राजाला, राजवाड्यात, घरच्यांचा विरोध पत्करून. आपल्याला ग्रामपंचायतीत, लोकशाहीत कळायला काय हरकत आहे?

आता हळदीकुंकवाबद्दल. सरपंचबाई, तुमचा हेतू चांगला आहे. पण डोळ्यांपुढं आणून बघा. मांडव, माईक, मागं बॅनरवर तुमच्या सगळ्यांचे फोटो, पुढाऱ्याच्या मिसेस पाहुण्या. आम्ही चार-पाच जणी खुर्च्यांवर. पाहुण्या एकेकीला कुंकू लावणार, प्रत्येक वेळी फोटोसाठी हात थांबणार. एखादी रडणार, मग तिचा फोटो जास्त वेळ घेतला जाणार. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘विधवांचा सन्मान’. आणि त्याच बाईनं तिसऱ्या दिवशी माहेरच्या मैत्रिणीबरोबर जोतिबाला जायचं म्हटलं, की खाली बसून टाळ्या वाजवणाऱ्याच विचारणार, ‘वरीस झालं का?’

कुंकू मी लावते. घरात, आरशासमोर, रोज सकाळी. कुणाकडून सन्मानानं लावून घ्यायची मला गरज वाटत नाही. बाकीच्या चौघींनी काय करावं ते त्यांनी ठरवावं, मी कुणाला भरीस घालणार नाही. त्यातल्या एकीला ती साडी खरंच हवी आहे आणि तिनं ती घ्यावी. तिला संजय गांधी निराधारचे महिना 1500 रुपये मिळतात आणि त्यासाठीही दर वर्षी हयातीचा दाखला घेऊन उभं राहावं लागतं. तिला साडी माझ्याही वाटणीची द्या.

माझी मागणी लहान आहे. नवा ठराव नको. ‘विधवांना हसू द्यावे’ असा ठराव झाला तर मी गाव सोडून जाईन. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. दर वर्षी त्यातून काय होतं ते मला माहीत आहे, मी मासिक सभेची टिपणं वाचते. यंदा त्यातून मांडव आणि बॅनर वजा करा आणि प्रासंगिक करारावर, म्हणजे एका दिवसापुरती भाड्यानं, एक एसटी घ्या. वर्षभरात ज्यांचा नवरा गेला त्या बायकांना विचारा, तुमच्या जुन्या मैत्रिणी कुठं आहेत? बहुतेकींच्या माहेरच्या असतील, काहींच्या शाळेतल्या, काहींच्या टोळीतल्या, ऊसतोडीला बरोबर जाणाऱ्या. प्रत्येकीला दोघी-तिघी आणू द्या. गाडी सकाळी सोडा, संध्याकाळी आणा. कुठं जायचं ते त्या ठरवतील. नरसोबाच्या वाडीला जाऊन बासुंदी खातील, नाहीतर रंकाळ्यावर बसतील. बरोबर सदस्य नको, भाषण नको, मोबाईलवर फोटो काढणारा कुणी नको. ज्यांना यायचं नाही त्यांना ओढू नका. एखादीला अजून कोपऱ्यातच बसायचं असेल, तर तोही तिचाच हक्क आहे. कोपरा तिनं स्वतः धरला असेल तर मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही.

आणि बचत गटाच्या भगिनींना एक स्वतंत्र सांगते. तुमच्यातल्या बऱ्याच जणींचे यजमान आज धडधाकट आहेत, ते तसेच शंभर वर्षं राहोत. पण ज्यांच्याबरोबर तुम्ही शाळेत डबा खाल्ला, पहिल्या बाळंतपणात ज्यांच्याशी बोललात, त्यांचे नंबर फोनमध्ये आहेत का बघा. लग्न झाल्यावर आपण बायका सगळ्यात आधी मैत्रिणी सोडतो. नवऱ्याचे मित्र घरी येतात, त्यांना आपण चहा करतो, आपल्या मैत्रिणी मात्र लग्नपत्रिकेपुरत्या उरतात. माझं नशीब म्हणून माझी तिन्ही दारं उघडी राहिली. मिरजेचीचा फोन महिन्यातून एकदा यायचाच, आणि तो यायचा तेव्हा हेच मला हाक मारून ‘तुझी मिरज आली’ म्हणून फोन हातात द्यायचे.

26 जानेवारीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. ती बहुतेक वेळा सह्यांपुरती होते. यंदा खरी घ्या, आणि हे पत्र तिथं वाचा. मी येईन. थांब्यावरच्या त्या दोघींनीही यावं, मला त्यांच्यावर राग नाही. त्यातल्या एकीची नणंद माझ्याच वर्गात होती. त्यांना काही विचारायचं असेल तर समोर विचारावं, मी सगळं सांगेन, साबणासकट. त्यांना यायचं असेल तर गाडीत जागा आहे.

माघात आम्ही चौघी परत जाणार आहोत. या वेळी गडहिंग्लजला, तिच्या घरी. सकाळच्या गाडीनं जाईन, रात्र तिथंच राहीन. आधीच कळवून ठेवते, म्हणजे डेअरीवर अंदाज बांधावे लागणार नाहीत.

गाडीबद्दलचा निर्णय काय होईल तो मला लेखी कळवावा, जावक क्रमांक टाकून. तोंडी उत्तर नको. तोंडी उत्तरं मी थांब्यावर ऐकली आहेत.

कळावे,
आपली,
जिल्हा परिषदेची एक निवृत्त शिक्षिका
(नाव पाकिटावर आहे. गावाला ते तसंही माहीत आहे.)